सैनिकांना खेळ पाठवा, पण चालणारे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी लोकांकडून व्हिडिओ गेम गोळा करण्याबद्दलचा लेख आपल्या अंकात वाचला. त्यावर एका वाचकांनी पाठवलेलं पत्रही वाचलं. खऱ्या लढाईवर गेलेल्यांच्या हाती पुन्हा बंदुकीचेच खेळ कशाला द्यायचे, त्यापेक्षा चांगली पुस्तकं द्यावीत, असा त्यांचा रोख होता. मी नॉरफोकला राहते. अमेरिकी नौदलाचा सर्वांत मोठा तळ इथेच आहे. असे खेळ जमवून त्यांची पार्सलं बांधायला मीही हातभार लावते, म्हणून हे लिहीत आहे.

लढाईवर गेलेला माणूस चोवीस तास लढत नसतो. माझे वडील फौजेत होते. सुट्टीवर साताऱ्याला आले की लढाईबद्दल चकार शब्द काढत नसत. पण युनिटमधल्या कॅरमबद्दल आणि रमीत कोण कसा चिडायचा याबद्दल तासन्‌तास बोलत. पाळी संपल्यावरचे तास कसे काढायचे हा प्रश्न सगळ्याच फौजांत आहे. इथून मे २०२३ मध्ये निघालेली ‘जेरल्ड फोर्ड’ ही विमानवाहू नौका पश्चिम आशियातल्या परिस्थितीमुळे मुक्काम वाढत वाढत थेट जानेवारी २०२४ मध्ये परतली. तिच्यावरची विशी-बाविशीतली मुलं घरी जे खेळत होती तेच तिथेही खेळणार. पुस्तकं जरूर पाठवा. पण कॅरम मागणाऱ्याला ज्ञानेश्वरी देऊन आपलंच समाधान होतं.

हे काम सैन्यातल्याच माणसाने उभं केलं, हेही सांगायला हवं. इराकमध्ये नोकरी केलेले कॅप्टन स्टीफन मचूगा यांनी २०१० मध्ये ‘ऑपरेशन सप्लाय ड्रॉप’ सुरू केलं आणि २०१५ मध्ये ‘स्टॅक अप’ ही दुसरी संस्था काढली. खेळ आणि कन्सोल (खेळ चालवायचं, टीव्हीला जोडायचं यंत्र) खोक्यात भरून परदेशातल्या तुकड्यांकडे पाठवायचे, असं तिचं एक काम आहे. कुणा दयाळू बाहेरच्याला सुचलेली ही कल्पना नव्हे.

बंदुकीच्या खेळांचा वाद सैन्यातही झालेला आहे. २०१० मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ या युद्धखेळांच्या मालिकेतल्या नव्या खेळात ऑनलाइन सामन्यात एका बाजूने तालिबान म्हणून खेळता येणार होतं. तळांवरच्या दुकानांनी तो विकायला नकार दिला. प्रकाशकांनी त्या बाजूचं नाव बदललं, तरी दुकानं बधली नाहीत. तिथे प्रश्न जिवंत शत्रूच्या नावाचा होता, आणि अफगाणिस्तानात रोज माणसं मरत असताना तो उठणं मी समजू शकते. पण म्हणून गोळीबाराचा प्रत्येक खेळ आपण घरबसल्या बाद करायचा, हे मला पटत नाही. तुकड्यांकडून आमच्याकडे येणाऱ्या मागण्यांच्या याद्यांत फुटबॉल असतो, गाड्यांच्या शर्यती असतात आणि गोळीबारही असतो. ज्याला तो नको असेल तो मागणार नाही.

माझी खरी तक्रार देणाऱ्यांबद्दल आहे. काय येतं म्हणता? आत डिस्कच नसलेली रिकामी डबी. चरे पडलेली डिस्क. कुणाच्या तरी पाच वर्षांच्या मुलाचा अक्षरओळखीचा खेळ. आणि अमेरिकी फुटबॉलचे जुन्या हंगामांचे खेळ तर ढिगाने. नवा दरवर्षी निघतो, मग आधीचा सैनिकांना! सीमेवर फराळ पाठवताना आपण चिवडा-शंकरपाळे भरतो, ओल्या नारळाच्या करंज्या नाही. वाटेत काय टिकेल आणि तिथे काय खाता येईल हा विचार आपसूक होतो. खेळांच्या बाबतीत तो होत नाही.

सर्वांत मोठी अडचण इंटरनेटची. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ हा नवा कन्सोल जाहीर केला तेव्हा तो चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडणं सक्तीचं होतं. आण्विक पाणबुडीवरच्या एका माणसाने विचारलं, आम्ही काय करायचं? ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमचा जुना ‘एक्सबॉक्स ३६०’ आहेच, असं कंपनीच्या एक्सबॉक्स विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक म्हणाले. त्यावर सैनिक आणि इतर गिऱ्हाइकं इतकी खवळली की १९ जूनला कंपनीने ती अट मागे घेतली. ती अट गेली, पण आज कितीतरी खेळ डिस्क घालूनही आधी भलंमोठं डाउनलोड मागतात. जहाजावर किंवा वाळवंटातल्या छावणीत ते कुठून होणार? म्हणून इंटरनेटशिवाय चालणारा, डिस्कवरचा किंवा कार्ट्रिजवरचा खेळ सोन्यासारखा. तो एकाचा झाला की दुसऱ्याच्या हाती जातो. डाउनलोडचा कोड मात्र एकदा वापरला की संपला.

विजेचंही बघावं लागतं. अमेरिकेतली १२० व्होल्टची, तर इराककडची साधारण दुप्पट. इथले काही जुने कन्सोल तिथल्या प्लगमध्ये थेट लावले तर जळू शकतात. हातात धरून खेळायची यंत्रं त्या मानाने सोयीची, पण त्यांत लिथियमची बॅटरी असते. २०१२ मध्ये काही महिने अमेरिकी टपाल खात्याने अशा बॅटऱ्या परदेशातल्या सैनिकी पत्त्यांवरही बंद केल्या होत्या. आताही नियम वाचल्याशिवाय खोका बंद करू नये.

पत्त्याचं गणित आपल्या फौजेच्या टपालाच्या ‘५६ एपीओ’ या पत्त्यासारखंच. सैन्यासाठी एपीओ, नौदलासाठी एफपीओ, आणि पार्सल कुवेतला जाणार असलं तरी टपालखर्च देशांतर्गत दराने. मात्र ‘कोणत्याही सैनिकास’ असं लिहून पाठवता येत नाही. २००१ मध्ये अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू घातलेली पत्रं निघाली तेव्हापासून ती सोय बंद झाली. नाव हवं, तुकडी हवी, आणि आत काय आहे ते कस्टम्सच्या फॉर्मवर लिहायला हवं. त्यामुळे घरोघरी एकेकट्याने पाठवण्यापेक्षा ज्यांच्याकडे नावं आणि याद्या आहेत अशा संस्थेकडे खेळ देणं बरं.

आपला अंक इथली मराठी मंडळं वाचतात, म्हणून त्यांना एक विनंती. गणेशोत्सवात आपण डबाबंद अन्नासाठी पेटी ठेवतो, तिच्याशेजारी खेळांची एक ठेवून बघा. मंडळातली कॉलेजची पोरं आरतीनंतर बाहेर उभी असतातच. प्रत्येक डबी उघडून, डिस्क लावून, खेळ इंटरनेट तोडून सुरू होतो का, हे त्यांच्याकडून तपासून घ्या. एवढं काम ती हसत करतील. आणि पेटीवर टपालखर्चासाठी एक फट ठेवा. खेळ आणून देणारे पुष्कळ भेटतात, पार्सलाचे पैसे देणारं कुणी भेटत नाही.

आपली,
एक वाचक
नॉरफोक, व्हर्जिनिया (मूळ सातारा)