एल निनोची बातमी पुरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की ‘एल निनोचे सावट’ असे मथळे पहिल्या पानावर दिसू लागतात. आमच्या गावात ते पारावर मोठ्याने वाचले जातात. बियाणे कोणते घ्यायचे, पीककर्ज किती उचलायचे, जनावरे ठेवायची की बाजार दाखवायचा, हे त्यावरून ठरते. म्हणून ही बातमी अर्धी छापू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एरवी प्रशांत महासागरात विषुववृत्तालगत वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरचे तापलेले पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तिकडची समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. पेरूच्या किनाऱ्याला मग खालचे गार पाणी वर येते आणि त्यावर मासळी पोसते. दोन ते सात वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात. ऊबदार पाणी पूर्वेकडे सरकते, यालाच एल निनो म्हणतात; पाठोपाठ ढगही सरकतात आणि जिथे हवा वर चढायची तिथे ती खाली उतरू लागते. या उतरत्या हवेचा दाब भारतापर्यंत पोचला, तर आपला पाऊस आखडतो.

१९७२ मध्ये तो पोचला. पेरूची अँकोव्ही मासेमारी कोसळली आणि त्याच वर्षी आपल्याकडे देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या सुमारे ७६ टक्क्यांवर थांबला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली, सुकडी आणि मिलो (परदेशी लाल ज्वारी) खाऊन दिवस काढलेली माणसे अजून गावोगाव आहेत. एल निनो म्हटले की त्यांच्या पोटात गोळा येतो, तो उगाच नव्हे.

पण १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक होता आणि त्या वर्षी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. उलट २००२ चा एल निनो मध्यम होता, तरी पाऊस ८१ टक्क्यांवर आला आणि जुलैत तर जेमतेम निम्माच पाऊस पडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याचे एक मोठे कारण दाखवून दिले: पाणी किती तापले यापेक्षा ते कुठे तापले, हे आपल्यासाठी महत्त्वाचे. महासागराच्या मध्यभागी तापले तर भारताला धोका अधिक, पेरूजवळ तापले तर कमी. शिवाय आपल्या हिंदी महासागराचाही यात हात असतो. त्याची पश्चिम बाजू ऊबदार आणि इंडोनेशियाकडची बाजू गार असली, की मान्सूनला बहुधा बळ मिळते. १९९७ मध्ये तसेच होते, २०१९ मध्येही.

मथळ्यांत यातले काहीच येत नाही. त्यात मार्च-एप्रिलमध्ये प्रशांत महासागराची स्थिती बदलत असते, त्यामुळे त्या वेळचे एल निनोचे अंदाज वर्षातले सर्वांत कच्चे असतात. नेमके तेच सर्वांत ठळक छापले जातात.

हंगामाचा एकच आकडाही फसवा ठरतो. २०२३ मध्ये देशात ९४ टक्के पाऊस झाला. आकडा पाहून वाटते, निभावले. प्रत्यक्षात त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, पाऊस ३६ टक्के कमी. त्याच दिवसांत सोयाबीन फुलोऱ्यात असते, शेंगा धरायच्या असतात. तेव्हा पाण्याचा ताण बसला, तर सप्टेंबरच्या सरींनी गेलेले परत येत नाही. आणि ला निना, म्हणजे एल निनोच्या उलट स्थिती, आली म्हणून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. २०२१ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यात उभे पीक पाण्यात गेले, ते विसरणे शक्य नाही.

माझी मागणी साधी आहे. एल निनोची बातमी देताना शक्यता किती टक्के, तापलेले पाणी मध्यावर आहे की पूर्वेला आणि हिंदी महासागराची स्थिती काय, हे तीन तपशील सोबत द्यावेत. मेअखेर हवामान खाते सुधारित अंदाज देते, त्याला एप्रिलच्या अंदाजाइतकीच जागा मिळावी. आणि पुढे पावसाळाभर दर गुरुवारी खात्याचा पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज येतो, तो कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असा वेगवेगळा करून शुक्रवारच्या अंकात छापावा. पेरणी, दुबार पेरणी आणि फवारणी ठरवायला आम्हाला तोच लागतो.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक व शेतकरी, जि. लातूर