शेवटची गाडी साडेपाचची आणि रिहर्सल सहाची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र होतं, की आपल्या खान्देशातली पोरं कॉलेजला फक्त हजेरीपुरती येतात, लेक्चर झालं की पळाली, ना संशोधन ना गॅदरिंग, आणि वरून म्हणतात पुण्याला असतो तर काहीतरी केलं असतं. वाचून राग नाही आला, हसू आलं, कारण पाच वर्षं मी पण अशीच पळत होते. का पळत होते ते मात्र त्या काकांनी विचारलं नाही. गाडीसाठी पळत होते हो.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, अडावदपासून आत. बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजात, एमएस्सी जळगावला, दोन्ही वेळेस अप-डाऊन. एसटीच्या विद्यार्थी पासला भाड्याच्या एक तृतीयांशच पैसे लागतात, सोय चांगलीच आहे, पण पास खिशात असून गाडीच नसेल तर काय करायचं? बीएस्सीला असताना गावात जाणारी शेवटची गाडी साडेपाचची. प्रॅक्टिकल दोन ते पाच. म्हणजे पाचला अ‍ॅप्रन काढायचा, बॅग उचलायची आणि स्टँडवर धावायचं, आणि सर-मॅडम मोकळे होतात ते बरोबर पाचनंतर. स्नेहसंमेलनाची रिहर्सल सहाला. पाहुणे व्याख्याते आले तर चारचा कार्यक्रम पाचला सुरू, त्यात हार-नारळ अर्धा तास. विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवासाठी लोकनृत्याचा ग्रुप बसवायचा होता तेव्हा आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी सगळ्यात जास्त मला पाठ, आजीमुळे, पण ग्रुपमध्ये घेतल्या त्या होस्टेलच्या मुली, ज्यांना झोका कसा बांधतात ते पण मी दाखवलं. त्यांची चूक नाही. सहाला त्या होत्या, मी नव्हते.

संशोधनात आले ती पण गाडीमुळेच, म्हणजे गाडी न आल्यामुळे. सेकंड इयरला, पावसाळ्यात, एक दिवस साडेपाचची गाडी आलीच नाही. मावशी चोपड्यातच राहते म्हणून घरी फोन केला (आई म्हणे, "इतला उशीर का व्हयना व?"), आणि छत्री लॅबमध्ये राहिली होती ती घ्यायला परत गेले. आमच्या मॅडम एकट्याच बसलेल्या, समोर केळीचं पान आणि हातात भिंग, मावा म्हणजे पानावरचे बारीक किडे मोजत होत्या. मी विचारलं काय करताय, तर म्हणाल्या बस, तू पण मोज. बस एवढंच, फॉर्म नाही, मुलाखत नाही, काही नाही. रात्री साडेआठपर्यंत मी पानं उलटीपालटी करत बसले, शेवटी शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे राहिले तेव्हा उठलो.

केळीवाल्यांना सांगायला नको, कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणजे केळीवरचा आपला हरण्या रोग, तो या माव्यामुळे एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि काकडीवर्गीय पिकांवर, बांधावरच्या तणावर पण तो राहतो. झाडाला औषध नाही, उपटून नष्ट करायचं एवढंच हातात. त्या वर्षी आमच्याच शेतात बाबांनी कितीतरी रोपं उपटली होती, त्यामुळे मला विषय शोधायला कुठे जावंच लागलं नाही. तीन शेतं घेतली, एकाचा बांध साफ, दोघांचे तणाने भरलेले, पिवळे चिकट सापळे लावले आणि दर मंगळवारी मोजायचं. बाबा म्हणायचे मावा मोजून केळीला भाव वाढणार आहे का. पुढे पुढे तेच वहीत तारीख टाकून ठेवायला लागले, मी घरी नसले तरी.

त्याचं पोस्टर करून आविष्कारच्या जिल्हा पातळीवर गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे, 2006 पासून चालते, आणि फक्त सायन्सवाल्यांची नाही हं, भाषा, कॉमर्स, कायदा, शेती, इंजिनिअरिंग, फार्मसी सगळ्यांना जागा आहे, एफवायच्या पोराला पण. अहिराणीतल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून पण तिथे जाता येतं, पण ज्याच्या घरात त्या ओव्या आहेत त्याला हे कोणी सांगत नाही. नोटीस लागते इंग्रजीत, गुरुवारी, आणि शेवटची तारीख शुक्रवार. तर माझ्या पोस्टरसमोर परीक्षक आले आणि एकच प्रश्न विचारला, तिन्ही शेतांत लागवड एकाच वेळची आहे का? नव्हती. म्हणजे मावा तणामुळे जास्त की रोपं कोवळी म्हणून जास्त, मला सांगताच येईना. नंबर नाही आला, मिळाला तो फक्त हा प्रश्न, आणि तीन वर्षांच्या लेक्चरांत जेवढं नाही शिकले तेवढं त्यात शिकले. पुढच्या वर्षी एकाच आठवड्यात लावलेली शेतं शोधत मी अख्खा तालुका फिरले.

आता ते पुण्याचं. आपलं विद्यापीठ, जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (आता बहिणाबाईंच्या नावाचं), 15 ऑगस्ट 1990 ला सुरू झालं, त्याआधी आपली कॉलेजं पुण्यालाच जोडलेली होती, आता जळगाव, धुळे, नंदुरबार तीनच जिल्हे. लहान आहे म्हणून नाक मुरडतात लोक, पण लहान असल्याचा फायदा मी स्वतः घेतलाय. एमएस्सीला आमच्या वर्गात मोजकी पोरं, सरांना सगळ्यांची नावं पाठ, उपकरणाला हात लावायला नंबर लागायची वाट बघावी लागत नव्हती. माझी मैत्रीण मोठ्या शहरात शिकायला गेली, तिला वर्षभर मशीन काचेतून दाखवलं. मोठ्या ठिकाणी जास्त असतं हे खरंच, नाकारत नाही, लायब्ररी, फंड, बाहेरचे लोक, सगळंच. पण इथे दार वाजवलं तर उघडतं. अडचण ही की दार वाजवायच्या वेळेला आम्ही स्टँडवर असतो. आणि मी तर चोपड्याची, जळगाव गाठता तरी येतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पोराने जळगावला यायचं म्हणजे दिवस गेला, त्याच्यासाठी जे काय आहे ते तालुक्याच्या कॉलेजातच आहे.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष आलंय. पहिल्या सहा सेमला 75 टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. म्हणजे जे काम आम्ही हौस म्हणून मावशीकडे राहून केलं ते आता डिग्रीचा भाग. मावशी नसलेल्यांनी काय करायचं? मग ते करतात जे सगळ्यांना माहीत आहे, झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, नाव बदलायचं, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, झालं. डिपार्टमेंटच्या कपाटात असे ढीग आहेत, मी एकदा पुसायला काढले तर एकाच विहिरीचं पाणी चार वर्षांत चार जणांनी तपासलेलं आणि चौघांचे आकडे दशांशापर्यंत सारखे. विहीर पण थकली असेल.

एफवाय-एसवायच्या पोरांना एक सांगते, उपदेश नाही. विषय ठरेपर्यंत थांबू नका, मॅडमना किंवा सरांना सरळ म्हणा काही काम असेल तर द्या. पहिले दोन महिने काचेच्या नळ्याच धुवाल, धुवा, तिथे उभं राहून जे कानावर पडतं ते पुस्तकात नसतं. शोधगंगा नावाच्या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, मोबाईलवर, गाडीत बसून पण, मी तसेच वाचले. आणि एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर सोडू नका, कारण वर्षात तेवढेच सात दिवस असे असतात की संध्याकाळी गाडी पकडायची नसते. मला जिवाभावाच्या मैत्रिणी तिथेच मिळाल्या, रात्री दोनशे चपात्या लाटताना.

बाकी मागणी छोटी आहे. आठवड्यातून दोन दिवस लॅब आणि हॉल आठपर्यंत उघडे ठेवा, आणि त्या दोन दिवशी सव्वाआठला एक गाडी सोडा, रोज नको. हे मी नुसतं पेपरात लिहीत नाहीये. गेल्या जूनमध्ये माझ्या लहान बहिणीसाठी म्हणून डेपोत गेले, ते म्हणाले कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजात गेले, तिथे म्हणाले आधी डेपोने गाडी मंजूर करू द्या मग आम्ही वेळ बदलू. परत डेपोत गेले तर आधीचे साहेब बदलून गेलेले. दोन्हीकडच्या अर्जांची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे, तुमच्या वार्ताहराला पाहिजे असेल तर झेरॉक्स देते. बहीण यंदा एसवायला आहे, गाडी अजून साडेपाचचीच.

आपली,
एक वाचक,
ता. चोपडा, जि. जळगाव