पाचवे अक्षर विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती सध्या सांगली-मिरजेत मोबाइलवर फिरताहेत. ‘१९६५ ची फोर्ड मस्टँग, व्ही-८, मॅचिंग नंबर, पूर्ण रिस्टोअर केलेली’ ही त्यांची ठरलेली भाषा. (व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरांचे इंजिन; मॅचिंग नंबर म्हणजे गाडीवर आणि इंजिनावर एकच नंबर, अर्थात इंजिन मूळचेच.) गाडी बघायला निघण्याआधी फोनवर एवढेच विचारावे : गाडीवर कारखान्याने ठोकलेल्या नंबरातले (आरटीओच्या नव्हे) पाचवे अक्षर कोणते?

तो नंबर आकडे धरून अकरा अक्षरांचा असतो. सुरुवात ‘५ एफ ०७ सी’ अशी असेल, तर ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे कूपे (दोन दारांची, पक्क्या टपाची) आणि सी म्हणजे २८९ घनइंची व्ही-८. ए आणि के हीसुद्धा व्ही-८च. टी निघाले, तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडर घेऊन आली आणि व्ही-८ नंतर कोणीतरी बसवले. तेवढ्याने गाडी वाईट ठरत नाही, पण भाव व्ही-८चा देऊ नये. चाकाच्या बोल्टांवरूनही कळते : सहा सिलिंडरला चार, व्ही-८ला पाच. चार बोल्टांच्या चाकांवर व्ही-८ दिसले, तर एक्सल आणि ब्रेक हलक्या इंजिनासाठीचेच राहिलेत असे समजा.

हा नंबर दारावरच्या पट्टीवरही असतो, पण तिच्यावर विसंबू नका. ती रिव्हेट मारलेली असते, नवी करून मिळते. बॉनेट उघडून डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा. राहिले ‘मॅचिंग नंबर’. १९६८ च्या आधी, के इंजिन सोडले तर, फोर्ड इंजिनावर गाडीचा नंबर ठोकतच नसे. मग जुळवणार काय? इंजिनाच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव भागावर) ओतलेली तारीख गाडी बनल्याच्या तारखेआधीची आहे ना, एवढेच पाहता येते.

आता पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून गंजाला रंगापेक्षा जास्त महत्त्व. समोरच्या काचेखाली हवेची जाळी असते, तिच्या आतली पन्हळ स्पॉट वेल्डिंगने बंद केलेली. तिथपर्यंत पोचायचे तर वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात, म्हणून रिस्टोअर करणारे नेमके हेच काम टाळतात. पायाखालचा गालिचा उचला, जाळीत बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटे थांबा. खाली थेंब आला, तर फ्लोअर नवा असला तरी तो पुन्हा सडणार. डिकीतही गालिचा उचलाच, कारण तिथे पेट्रोलच्या टाकीचा माथा हाच डिकीचा तळ असतो. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मागच्या चाकांच्या मागे फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे. मग दाराच्या उंबऱ्याखाली जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडून लावून पाहा. दार अडले तर सांगाडा वाकतो आहे. कृष्णेकाठी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना सांगायला नको, तरी दाराच्या तळाशी आणि हेडलाइटच्या वाटीत बारीक गाळ आहे का, तेही पाहावे.

इंजिन गार असताना सुरू करायला सांगा. आपण पोचायच्या आधीच रेडिएटर गरम असेल, तर काहीतरी झाकायचे आहे. आठही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊणपट तरी हवा. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटना शिसे जपत असे; म्हणून हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या नसतील, तर सीट झिजत जातात. आताच्या पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो, आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. कार्ब्युरेटरचे जेट थोडे मोठे घालावे लागतात. १९६५-६६ च्या ब्रेकला मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइल दाबणारा मुख्य पंप) एकच खणाचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन खणांचा बसवला असेल, तर तो दोष मानू नका. पान्यांचे म्हणाल तर अर्धा इंची डोक्याच्या बोल्टवर १३ मिलिमीटरचा पाना चालवू नका. डोके गोल होते.

शेवटी कागद. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, आणि गाडी रोज वापरता येत नाही. स्टिअरिंग डावीकडे असेल, तर नियमाप्रमाणे इशारा देणारे साधन चालू हवे. आयातीच्या बिल ऑफ एंट्रीची (कस्टमच्या कागदाची) मूळ प्रत पाहूनच व्यवहार करा.

आपल्या छोट्या जाहिरातींत गाडीचा रंग छापला जातोच. त्याशेजारी नंबरातली पहिली पाच अक्षरेही छापावीत, ही विनंती.

— जुन्या गाड्यांचे काम करणारे काही मिस्त्री, कुपवाड (सांगली)