सूचना : सेवा मंडळाची पहिली बैठक आणि रक्तदान शिबिर

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, विद्यार्थी सेवा मंडळाची या वर्षाची पहिली बैठक येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता ग्रंथालयाशेजारील खोलीत होणार असून, तीत सचिव व खजिनदार यांची निवड केली जाईल.

महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक असताना वेगळे मंडळ कशासाठी, असे काहींनी विचारले आहे. त्या योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे लागते. आपल्या मंडळात तासांची नोंद अथवा प्रमाणपत्र नाही, मात्र काम निवडण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंतची जबाबदारी विद्यार्थ्यांचीच राहील. (केवळ छायाचित्रापुरते येणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा.)

पहिला उपक्रम रक्तदान शिबिराचा आहे. रक्तदात्याचे वय किमान १८ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे, तसेच आधीच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत ९० आणि स्त्रियांच्या बाबतीत १२० दिवस झालेले असावेत. गेल्या वर्षी दोघे उपाशीपोटी आले आणि त्यांना भोवळ आली, म्हणून या वेळी नोंदणीच्या टेबलावरच जेवणाबाबत विचारणा केली जाईल.

वर्गणी फक्त खजिनदारांकडे द्यावी आणि पावती घ्यावी. शिबिरातील कामासाठी नावे शुक्रवारपर्यंत नोंदवहीत लिहावीत.

– निमंत्रक, विद्यार्थी सेवा मंडळ