कुंडीतल्या वाळ्याला विष कशाला?

महोदय,

फोंड्याजवळ माझी रोपवाटिका आहे. पाऊस लागला की जास्वंद, अबोली, क्रोटनची विक्री वाढते आणि तिच्या मागोमाग तक्रारीही येतात. यंदा एका सोसायटीने जिन्यात ठेवायला नेलेल्या कुंड्या परत पाठवल्या. मातीत म्हणे ‘नागाचं पिल्लू’ निघालं! वर अट अशी, की मातीत जहाल कीटकनाशक मिसळा, तरच घेऊ. फोटो पाहिला. वाळा होता, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा इवलासा साप.

वाळा वीतभरही भरत नाही, जाडी पेनातल्या रिफिलएवढी. गांडूळ ओलसर आणि वळ्यावळ्यांचं असतं. हा कोरडा, तुळतुळीत, काळपट तपकिरी. फरशीवर ठेवा, इवलीशी जीभ बाहेर काढत वाट चाचपेल. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन ठिपके, उजेड-अंधारापुरते. तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला आणि इतकं बारीक, की माणसाला चावायचं म्हटलं तरी जमायचं नाही. हातात धरला तर शेपटीचं टोक रोवतो, त्यालाच लोक डंख समजतात. विष मुळीच नाही. झोपलेल्याच्या कानात शिरतो ही तर निव्वळ आवई.

तो खातो काय, तर मुंग्यांची अंडी, अळ्या, कोष आणि वाळवी. वाळवी गिळण्याआधी पुष्कळदा तिचं डोकं घासून तोडून टाकतो, कारण ते पचत नाही. रोपांची मुळं कुरतडणारी वाळवी फुकटात खाणारा दुसरा गडी मला तरी ठाऊक नाही. आपण सातेरीच्या देवळात रोयण, म्हणजे वारूळ, पुजतो आणि रोयणीत राहणाऱ्या या जिवावर मात्र फिनेल ओततो, हे अजबच.

आणखी एक नवल म्हणजे या जातीत नर नाहीतच. सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात. गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेला हा साप आहे. एकटी मादी कुंडीच्या मातीतून परमुलखात पोचली, तरी तिथे वंश चालू होतो. म्हणूनच तो हवाई, फ्लोरिडा, मेक्सिकोपर्यंत गेला. इंग्रजीतही त्याला ‘कुंडीतला साप’च म्हणतात. 1803 साली दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेही आपल्याच देशातल्या विशाखापट्टणमच्या नमुन्यावरून. तेव्हा माझ्या रोपवाटिकेतून तो पणजीला गेला, तर त्यात आक्रीत ते काय?

जोराच्या पावसात बिळांत पाणी भरतं आणि वाळे न्हाणीच्या मोरीतून वर येतात. अशा वेळी मीठ, रॉकेल, कढत पाणी यांतलं काहीही ओतू नका. कागदावर घेऊन माडाच्या आळ्यात, पाचोळ्याखाली सोडा. मोरीला बारीक जाळी बसवलीत तर तो घरात यायचाच नाही.

मात्र एक सांगते. अंगावर पांढरे पट्टे दिसले, मान वेगळी जाणवली, फणा काढला किंवा लांबी वीतभरापेक्षा जास्त वाटली, तर तो वाळा असेलच असं धरून चालू नका. मण्यारीची आणि नागाची पिल्लंही याच दिवसांत बाहेर पडतात. जरा जरी शंका आली, तरी हात न लावता लांबूनच नजर ठेवा आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला फोन करा.

– एक रोपवाटिकावाली, फोंडा