बाबांच्या गाडीची किल्ली

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

तू सुट्टी संपवून गेलीस आणि बाबा दोन दिवस मोटरसायकलची किल्ली शोधतायत. तू लपवलीस, हे मी ओळखलंय. त्यांना बोलले नाही.

१९९३ साली तू नव्हतीस, दादा तीन वर्षांचा होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या सोलापूरच्या वॉर्डात जखमींची रीघ लागली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. एका पोराचं डोकं धुताना तांबडं पाणी थांबेना. मी जखम चाचपतेय, तर तो विसर्जनाचा गुलाल! पाणी तीनदा बदललं. तो मात्र एकसारखा सांगत होता, माळवद कसं खाली आलं, आत कोण कोण झोपलं होतं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचा तो बोजा. माणसं झोपेतच गेली.

किल्लारी मी आजतागायत पाहिलेली नाही. आमच्या घराचा पोपडासुद्धा पडला नव्हता. तरी कितीतरी महिने मी दादाची खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणायची, रात्री त्याला हलवून उठवायची. तो रडला की चिडायची. 'सिस्टरला काय धाड भरलीय?' असं मीच मला म्हणायची. कुणाकडे बोलले नाही, तेवढी चूक झाली.

याला दुय्यम आघात म्हणतात, हे फार उशिरा कळलं. २०१३ पासून तर मानसोपचाराच्या डीएसएम या नियमावलीतही मान्य आहे की कामापायी असलं पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यालाही आघातोत्तर ताणाचा आजार जडू शकतो. तू १०८ अ‍ॅम्ब्युलन्सवर हायवेच्या केसेस उचलतेस. हेल्मेट नसलेलं डोकं रोज मांडीवर घेतल्यावर तुला बापाची गाडी कशी बघवेल?

तुझ्या पायलटशी, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरशी, बोलतेस का? त्यानेही तेच पाहिलेलं असतं. १४४१६ला टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, रात्रीही, मराठीतून. 'मी स्वतः डॉक्टर' हा तोरा तिथे नको. झोप येतच नसेल तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, मी सोबत येते. आणि मला फोन केलास तर केस पूर्ण सांग. आईला झेपणार नाही म्हणून मधलं गाळू नकोस.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी नवं हेल्मेट आणलंय. किल्ली पिठाच्या डब्यामागे सापडली. मी ती परत तिथेच ठेवलीय.