टँकर हाही वाहतुकीचाच प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या कोंडीचा विषय निघाला की चर्चा उड्डाणपूल, मेट्रो आणि सिग्नल यांपलीकडे जात नाही. आमच्या सूस-म्हाळुंगे भागात सकाळी आठला उभं राहून पाहावं. पाण्याचा टँकर, त्याच्यामागे शाळेची बस, मग आणखी एक टँकर, आणि मधल्या फटींतून दुचाक्या. नळाला पुरेसं पाणी असतं तर टँकर आला नसता. परवडणारी चांगली शाळा जवळ असती तर मुलं चालत गेली असती. दुखणं पाणीपुरवठ्याचं आणि शिक्षणाचं, शिट्टी मात्र वाहतूक पोलिसाने फुंकायची.

२०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी ही दोन. त्याआधीच इथे टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या होत्या. आतले कित्येक रस्ते अजून पाणंदीच्या मापाचे. समोरून टँकर आला की दुचाकी गटारात घालावी लागते. म्हणजे, गटार असलं तर.

विद्यापीठ चौक तर सगळ्यांनाच आठवत असेल. २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या सुमारास तिथे पूल झाले आणि मेट्रोच्या आड येतात म्हणून २०२० मध्ये पाडले. पैसा दोन्ही वेळा आपलाच. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचा नियम आहे. कल्पना वाईट नाही. लोक स्थानकाजवळ राहिले तर गाड्या कमी होतील. पण तेवढ्या माणसांचं पाणी, मैला, शाळा आणि स्थानकापर्यंतचा पदपथ यांचा हिशेब त्याच फायलीत का नसावा?

एकत्रित नागरी वाहतूक प्राधिकरणाची शिफारस राष्ट्रीय धोरणाने २००६ मध्येच केली होती. पुण्यात 'पुमटा' नावाचं असं प्राधिकरण आहेही. मात्र त्या टेबलाभोवती फक्त वाहतूकवाले बसून भागणार नाही. बांधकाम परवानगी, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, शिक्षण या खात्यांनाही तिथे बसवा. मोठ्या गृहप्रकल्पाचा नकाशा मंजूर करण्याआधी विकासकाकडून आणि महापालिकेकडून दोनच गोष्टी लेखी घ्या: इथे रोज किती टँकर लागतील, आणि ते कोणत्या रस्त्याने येतील. ही उत्तरं प्रकल्पाच्या फाटकावर, जाहिरातीइतक्याच मोठ्या अक्षरांत लावा.

– एक वाचक, सूस, पुणे